श्वास रोखून धरा

[दृश्य: मंद उजेडात सीटी स्कॅनरचं पांढरं कडं. टेबल आत सरकतंय.]

"श्वास घ्या... रोखून धरा..."

सीटी स्कॅन करून घेतलेल्यांना हा आवाज ओळखीचा असेल. काहीतरी घरघरतं, टेबल सरकतं आणि "श्वास सोडा" ऐकू येईपर्यंत काम झालेलंही असतं. या दोन सूचनांमधलं अंतर कमी करण्यात अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या. ती झटापट या पांढऱ्या झाकणाच्या आत आहे. झाकण काढूया.

[दृश्य: झाकण उघडतं. तारा, नळ्या, एक भलंमोठं धातूचं चक्र.]

पण आधी थोडं मागे जाऊ, एका लेथकडे, म्हणजे धातू कातणाऱ्या यंत्राकडे.

साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक छापलं जातं. पुढची बरगडी, मागची बरगडी, मधलं फुप्फुस, सगळ्यांची मिळून एकच सावली. ईएमआय या ब्रिटिश कंपनीतले अभियंते गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांनी विचार केला, की अनेक कोनांतून किरण सोडले, पलीकडे किती पोहोचले ते मोजलं, तर गणिताने आतला एकेक काप उभा करता येईल. त्यांनी पहिली जुळणी लेथच्या जुन्या सांगाड्यावर केली. किरणांचा स्रोत इतका दुबळा होता, की एका कापाची मोजणी संपायला 9 दिवस लागले. वर संगणकाचे अडीच तास.

1 ऑक्टोबर 1971. लंडनच्या विम्बल्डन भागातलं अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालय. पहिला रुग्ण स्कॅन झाला, आणि तोही फक्त डोक्याचा. मेंदू साध्या एक्स-रेत जवळजवळ दिसतच नव्हता, हे मुख्य कारण. पण एक सोयही होती: डोकं श्वासाबरोबर वर-खाली होत नाही. एका फेरीला चारपाच मिनिटं घेणाऱ्या यंत्राने छाती कशी टिपली असती? हाती आलेलं चित्र 80 गुणिले 80 चौकटींचं होतं. आज मोबाइलवरच्या एका छोट्या चिन्हातही त्याहून जास्त ठिपके असतात. तरी त्या चित्रात मेंदूतली गाठ दिसली. 1979 मध्ये हाउन्सफिल्ड आणि या गणिताचा स्वतंत्रपणे विचार करणारे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं.

[दृश्य: चक्र फिरू लागतं. वायरींचा जुडगा गुंडाळला जातो. चक्र थांबतं, उलटं फिरतं.]

पुढच्या यंत्रांत एक्स-रेची नळी आणि समोरचे डिटेक्टर, म्हणजे पलीकडे पोहोचलेले किरण मोजणारे भाग, रुग्णाभोवती एकत्र फिरू लागले. वेग वाढला, आणि अडचण आली ती अगदी घरगुती म्हणावी अशी. वायर गुंडाळली जायची. नळीला जाड केबलमधून वीज द्यायची. एक फेरी झाली की थांबायचं, उलट फिरून पीळ सोडवायचा, मग पुढचा काप. तेवढ्यात रुग्णाने श्वास घेतलेला असायचा, आणि दोन कापांच्या मधली बारीकशी गाठ निसटू शकायची.

1980च्या दशकात याला उत्तर मिळालं: स्लिप रिंग. फिरत्या चक्रावर धातूची गोल कडी आणि त्यांना घासत राहणारे ब्रश. वीज ब्रशमधून आत जाते, पीळ पडायला वायरच उरत नाही. विजेच्या मोटारीत ही युक्ती फार जुनी. माझ्या मते सीटीला सर्वांत मोठी उडी मारायला लावली ती या साध्या सुट्या भागाने. कारण चक्र न थांबता फिरू लागल्यावर टेबलही न थांबता सरकवता आलं. 1989 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विली कालेंडर यांनी ही सर्पिल पद्धत मांडली. नळीचा मार्ग आता शरीराभोवती स्प्रिंगसारखा जातो. अख्खी छाती एका श्वासात.

[दृश्य: काचेआड लालबुंद तापलेली, गरगर फिरणारी चकती.]

आता दुसरा शत्रू, उष्णता.

एक्स-रे नळीला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम 1 टक्का क्ष-किरण बनते. उरलेली 99 टक्के? नुसती उष्णता. नळीत वेगाने सोडलेले इलेक्ट्रॉन एका चकतीवर आदळतात, तेव्हा क्ष-किरण निघतात; ते जिथे आदळतात तिथे टंगस्टन असतं. ते 3,400 अंश सेल्सियसच्या वर वितळतं, तरी एकाच जागी मारा झाला तर तेही टिकत नाही. म्हणून चकती फिरती ठेवतात, मिनिटाला हजारो फेरे, म्हणजे मार विभागला जातो.

पण नळीत निर्वात पोकळी. बेअरिंगला तेल घालायचं, तर त्याची वाफ होऊन पोकळीच बिघडणार. हवाच नसल्याने उष्णताही वाहून जात नाही. बरीच वर्षं धातूचा मुलामा दिलेल्या गोळ्यांच्या बेअरिंगवर भागवलं गेलं. मग आलं द्रव धातूचं बेअरिंग: गॅलियमचं, खोलीच्या तापमानालाही पातळ राहणारं मिश्रण. ते वंगणाचं काम करतं, त्याची वाफ जवळजवळ होत नाही, आणि चकतीची उष्णता बाहेरही नेतं. एका थेंबात तीन दुखण्यांवर औषध!

[दृश्य: पूर्ण वेगातलं चक्र. डोळ्यांना नुसता धूसर पट्टा.]

श्वास थांबवता येतो, हृदय नाही. म्हणून आजची काही चक्रं एक फेरी पाव सेकंदाच्या आसपास पूर्ण करतात. केंद्रापासून 60 सेंटिमीटरवर बसवलेल्या भागावर त्या वेगाला गुरुत्वाकर्षणाच्या 30 पटींहून जास्त जोर येतो. 50 किलोची नळी धरा. तिला धरून ठेवणाऱ्या बोल्टांना ती दीड टनाहून जड वाटते. याहून जोरात फिरवायचं तरी किती? मग 2005 मध्ये बाजूचा रस्ता निघाला: 90 अंशांवर दोन नळ्या बसवायच्या. पाव फेरीत पुरेशी मापं मिळतात, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी हृदय टिपता येतं.

डिटेक्टरही बदलतायत. जुने आधी क्ष-किरणाचा प्रकाश करत, मग प्रकाशाची वीज. 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या फोटॉन मोजणाऱ्या सीटीत कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक थेट वीज देतो. एकेक फोटॉन, म्हणजे किरणाचा एकेक कण, मोजला जातो, त्याच्या ऊर्जेसकट.

[दृश्य: झाकण पुन्हा बसतं. टेबल आत सरकतं.]

दोन नळ्यांच्या यंत्रात छातीचा स्कॅन एका सेकंदाच्या आत संपू शकतो. "श्वास घ्या, रोखून धरा" एवढं म्हणायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

"...श्वास सोडा."