पहिल्या तासाला पेंगणारा नववीचा वर्ग

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सकाळी सव्वासातला भरणाऱ्या शाळेत नववीवर पहिला तास घेणाऱ्यांनी जरा हात वर करा. बरेच आहात. मग हे चित्र तुमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. हजेरीला 'हजर' म्हणतानाही मुलांच्या तोंडून आवाज फुटत नाही आणि मागच्या बाकावर एक जण दप्तरावर डोकं टेकून बसलेला असतो. आपण लगेच म्हणतो, रात्रभर मोबाईल! मोबाईल आहेच. पण मुळात शरीरातच काही बदललेलं असतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक वयात येताना रात्री तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. नऊ वाजता डुलक्या घेणाऱ्या मुलाला आता अकरापर्यंत झोपच येत नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. पहाटे साडेपाचला उठवलं, तर हा हिशेब जमायचा कसा?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शिफारस केली, की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत. आपल्या राज्यात २०२४ मध्ये नऊनंतर शाळा भरवण्याचा निर्णय झाला, तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. लहानग्यांची सोय झाली, फार चांगलं झालं. पण ज्यांची झोपच पुढे सरकली आहे, ती आठवी-नववीची मुलं राहून गेली, याची मला मनापासून खंत वाटते. दोन पाळ्या, अपुऱ्या खोल्या या अडचणी खऱ्याच आहेत. तोवर निदान पहिल्या तासाला गणिताची चाचणी ठेवू नका, एवढं मुख्याध्यापकांना सांगता येईल.

आता त्या मुलाला आपण उठवतो कसं, ते पाहू. "काय रे, घरी झोपायला जागा नाही का?" वर्ग हसतो. चौदाव्या वर्षी हा हशा फार झोंबतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पडद्यावर गाडी चालवायचा खेळ होता. बरोबरीची मुलं बघत असली, की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. मोठ्यांच्या खेळात फारसा फरक पडत नसे. सोबत्यांच्या नजरेचं एवढं वजन या वयात असतं. म्हणून भर वर्गात कोंडीत पकडलेला मुलगा उलट बोलतो, तेव्हा त्याचं अर्धं लक्ष त्या चाळीस जणांकडे असतं. तिथे माघार घेणं त्याला परवडत नाही.

तास संपल्यावर व्हरांड्यात थांबवून विचारा, "रात्री किती वाजता झोपलास?" एखादा सांगेल, "सर, पहाटे चारला पेपरची लाईन टाकायला जातो." एखादी मुलगी बाईंना हळूच सांगेल, की पोटात दुखतंय. वर्गासमोर यातलं काहीच कानावर आलं नसतं. डायरीत शेरा मारायचाच असेल, तर या बोलण्यानंतर मारा.

कधी मात्र प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं असतं. झोप उडालेली, डबा तसाच परत जातो, मित्रांत मिसळणं थांबलंय, असं दोन-तीन आठवडे दिसत राहिलं तर पालकांना बोलवा, समुपदेशकांकडे पाठवा. शाळेत समुपदेशक नसतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. सूचनाफलकावर तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ज्याला लागेल तो कुणाला न विचारता टिपून घेईल.