डब्यातल्या पाकाकडून धान्याकडे

मंडळी, घरी बिअर करणारे चारजण भेटले की एकजण हमखास विचारतो, "अजून एक्स्ट्रॅक्टवरच का?" एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, डब्यात मिळणारा आटवलेला पाक; दुसरी वाट म्हणजे धान्यापासून सगळं स्वतः करणं. त्या 'अजून'मध्ये जरा तोरा असतो. मला तो पटत नाही. तुमची बिअर आज फसत असेल, तर नुसतं धान्य आणून ती सुधारणार नाही. बहुतेक वेळा घोळ आंबवण्यात असतो. यीस्ट कमी पडतं, नाहीतर खोली तापते आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास मारतो. आधी ते निस्तरा. धान्याकडे वळायचं कारण वेगळं आहे, त्याच्याकडे येतोच.

तत्पूर्वी एक्स्ट्रॅक्टचे उपकारही आठवू. इथे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा वाणसामानाच्या दुकानांत मॉल्ट सिरपचे डबे उघड विकले जात, नावाला बेकिंगसाठी. बंदी उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरचं मात्र राहून गेलं. ते निस्तरलं १९७८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हा. ब्रिटनमध्ये १९६३ पासूनच परवान्याची कटकट संपली होती. आज इथे केंद्रीय कायद्याने घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही. आणि हो, हे फक्त इथलं झालं. सुट्टीत पुण्याला गेल्यावर आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग करायला जाऊ नका. महाराष्ट्रात दारू गाळायला, बनवायला परवाना लागतो.

तर एक्स्ट्रॅक्ट बनतं कसं? कारखान्यात मॉल्ट गरम पाण्यात मुरवतात आणि उतरलेलं गोड पाणी आटवतात. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तुमच्या हातात डबा येण्याआधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो. तो निर्णय मॅशच्या, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात मुरवण्याच्या, तापमानाचा.

मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व साध्या पिठापेक्षा पातळ शिजतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार होतात, ती स्टार्च तोडतात. बार्लीच्या मॉल्टमध्येही तेच. त्यातली दोन आपल्या कामाची. बीटा अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज सुटं करत जातं, आणि माल्टोज यीस्ट आवडीने खातं. अल्फा अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडतं. त्यातले बरेच तुकडे यीस्टला पचत नाहीत, ते बिअरमध्ये तसेच राहतात आणि तिला अंग देतात. बीटाला थोडं कमी तापमान मानवतं, अल्फाला जास्त. म्हणून ६४-६५ अंश सेल्सिअसवर तासभर मुरवलं तर बिअर कोरडी, हलकी होते. ६९ वर ठेवलं तर तेच धान्य, तेच यीस्ट, पण घोट भरदार. हे चार-पाच अंश आपल्या हाती यावेत, यासाठी धान्याकडे जायचं. दुसरं म्हणजे ओट्स किंवा म्युनिक मॉल्टसारखे जिन्नस. नुसते गरम पाण्यात भिजवून त्यांच्यातला स्टार्च साखर होत नाही, मॅशच लागतो.

आता प्रत्यक्ष बघू. १९ लिटर साधी पेल एल (फिक्या रंगाची बिअर) करायची आहे. साडेचार किलोच्या आसपास पेल मॉल्ट आणि किलोमागे तीन लिटर पाणी. मॅश ६७ अंशांवर हवा असेल तर पाणी ६७ चं घ्यायचं नाही. २० अंशांवरचं धान्य ते गार करणार. पाणी साधारण ७३ वर घ्या. धान्य थोडं थोडं ओता, हलवत राहा, गुठळ्या फोडा, आणि तापमान तीन-चार ठिकाणी मोजा. मध्ये ६७ आणि कडेला ६३ असं सर्रास होतं. मग मॅशच्या भांड्याचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या कूलरचं, झाकण लावून गप्प बसा. सुरुवातीला पाणी पिठुळ, पांढरट दिसतं. अर्ध्या तासाने झाकण उघडाल तर ते निवळलेलं, तांबूस, आणि चमचाभर चाखलं तर चक्क गोड.

गाळताना पहिले एक-दोन जग गढूळ येतात. ते परत धान्यावर हळूच ओतायचे. थोड्या वेळाने स्वच्छ धार लागते, कारण दाण्यांची टरफलंच गाळणीचं काम करतात. म्हणूनच भरड महत्त्वाची: दाणा फुटला पाहिजे, टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. फार जाड भरडलंत तर साखर आत अडकते, पीठ केलंत तर नळ तुंबतो. धान्यात उरलेली साखर वरून धुवून काढायचं पाणी ७६ अंशांच्या पुढे नेऊ नका, टरफलांचा तुरटपणा उतरतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन उकळून सहजी जात नाही. त्यासाठी कॅम्पडेनची एक गोळी ७५ लिटरला पुरते. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये असला म्हणजे झालं. पहिल्याच खेपेला क्षारांचे तक्ते घेऊन बसू नका.

खर्च होतो तो भांड्यांवर. एक्स्ट्रॅक्टला अर्धं पाणी उकळून वरून गार पाणी घालता येत होतं. इथे १९ लिटरसाठी २५-२६ लिटर उकळावं लागतं, म्हणजे मोठं पातेलं, अंगणातली शेगडी आणि गार करायला तांब्याच्या नळीची गुंडाळी. अपार्टमेंटात राहत असाल तर ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी काढलेली पिशवीची पद्धत बघा: सगळं धान्य कापडी पिशवीत, एकाच पातेल्यात मॅश, मग पिशवी उचलून निथळायची. भांडी निम्मी होतात. पहिल्यांदा मी हीच सुचवेन. दिवस मात्र जातो, त्याला इलाज नाही.

आणि गणित. एक्स्ट्रॅक्टचा आकडा ठरलेला असतो, धान्याचा नसतो. वरच्या मापात ७२ टक्के साखर उतरली तर पाण्याची घनता, म्हणजे त्यातली साखर, मोजणारा हायड्रोमीटर १.०५० दाखवेल, ६० टक्केच उतरली तर १.०४२. नवख्याला ६० सहज मिळतात, त्यात भरड जाड असली की झालंच. म्हणून धान्य आणाल त्याच दिवशी अर्धा किलो कोरडं एक्स्ट्रॅक्टही आणून ठेवा. उकळी संपता संपता वर्ट, म्हणजे ते गोड पाणी, मोजा. कमी भरलं, तर ४०० ग्रॅम घाला आणि ढवळा. १.०५० होतं.