प्रिंटरवर घडलेली जतुकास्थी

(टचस्क्रीनवर फिरणारी कवटी)

मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा हा शरीररचनाशास्त्र विभाग. टेबलाएवढ्या स्क्रीनवर बोट फिरवलं की आधी कातडी उतरते, मग स्नायू, मग रक्तवाहिन्या. उरतात हाडं. मॅडमना आज त्यातलं एकच हवं आहे: स्फेनॉइड, म्हणजे जतुकास्थी. कवटीच्या तळाशी मधोमध, पंख पसरलेल्या वटवाघळासारखं. चहूबाजूंनी दुसऱ्या हाडांत गुंतलेलं, त्यामुळे अख्ख्या कवटीत ते पुरतं दिसतच नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे फिरणाऱ्या बोन सेटमध्ये सुटं मिळालं, तरी त्याचे खालचे पातळ पत्रे, टेरिगॉइड प्लेट्स, बऱ्याचदा मोडलेले असतात. हाडात जे उरलेलं नाही, ते चित्रावरून पाठ करायचं. पहिल्या वर्षाच्या किती बॅचेस अशाच शिकल्या.

(सीटी स्कॅनचे काप)

म्हणून हे हाड आता थ्रीडी प्रिंटरवर छापायचं. सुरुवात सीटी स्कॅनपासून. रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक आधीच काढून टाकलेले. 'थ्रीडी स्लायसर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात डोक्याचे एकेक काप उघडतात. हाड पांढरं दिसतं. किती पांढरं म्हणजे हाड, हे ठरवून दिलं की संगणक तेवढं वेगळं काढतो. पण पातळ हाड स्कॅनमध्ये करडं उमटतं आणि संगणक ते सोडून देतो. टेरिगॉइडच्या पत्र्यांना मूळ हाडात नसलेली भोकं पडतात. मॅडम एक काप पुढे जातात, माऊसने कड रंगवतात, मागे येऊन पुन्हा तपासतात. कुठलं भोक हाडाचं, कुठलं स्कॅनचं, हे सांगायला शरीररचना मुळापासून यावी लागते. या कामाचा खरा कस इथेच लागतो.

(प्रिंटर, जवळून)

मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनणारं पीएलए प्लास्टिक. रिळावरची तार साधारण 200 अंशांना तापलेल्या नोझलमध्ये वितळते आणि 0.2 मिलिमीटरचा एकेक थर बसत जातो. हाडाचे पंख अधांतरी, म्हणून त्यांच्याखाली प्रिंटरच टेकू उभे करत जातो. रात्रभराचं काम. लाइट गेली तर सगळं वाया, म्हणून इन्व्हर्टर आधी आला, प्रिंटर नंतर. सकाळी टेकू चिमट्याने सोडवायचे, तेही जपून. टोकाचा हॅम्युलस, हा एवढासा आकडा, जरा जोर लागला की तुटतो.

(विद्यार्थी, हातात मॉडेल)

दुप्पट आकाराचं हाड हातोहात फिरतं आहे. पिवळी तार फोरामेन ओव्हेल या भोकातून: मँडिब्युलर नर्व्ह, खालच्या जबड्याचा मज्जातंतू. लाल तार शेजारच्या फोरामेन स्पायनोसममधून: मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल धमनी.

"मॅडम, धमनी इथून बाहेर पडते ना?"

"उलटं धर. आता सांग."

"आत जाते."

दुचाकीवरून पडून कानशिलाला मार लागला, की कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचू शकतं. ते बहुतेकदा हीच धमनी फाटल्यामुळे.

विच्छेदन थांबलेलं नाही, थांबूही नये. ऊतींचा स्पर्श, माणसागणिक बदलणारी रचना हे देहदानातूनच शिकायला मिळतं. पण मॉडेल होस्टेलवर नेता येतं, मोडलं तर पुन्हा छापता येतं, आणि फाइल दुसऱ्या महाविद्यालयाला पेनड्राइव्हवर देता येते.

(स्क्रीनवर कानाचे काप)

पुढची फाइल कानातल्या स्टेपीजची, म्हणजे रिकिबीसारख्या इवल्या हाडाची. मूळ हाड जेमतेम 3 मिलिमीटरचं. मॅडम ते दहापट मोठं छापणार आहेत, म्हणजे त्याच्या दोन पायांमधली फट शेवटच्या बाकावरूनही दिसेल.