गुरुवारचा खण

ग्वाल्हेर, लष्कर भागातलं दौलतगंज. पहाटेचे साडेपाच. आत्या देवघरासमोर ध्यानासाठी आसन टाकून बसली आहे. शेजारी तांब्या-भांडं आणि औषधाचा डबा. डब्याला सात खण, झाकणांवर तिच्या हातची अक्षरं: सो, मं, बु...

तिला सोळाव्या वर्षी पहिली फिट आली. घरातले आकडी म्हणायचे, शेजारचे मिरगी. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि कांदा धरणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवला.

झटक्याच्या वेळी मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम, एकाच ठेक्यात विजेचे संदेश सोडू लागतात. ध्यानाबद्दलची शंका इथूनच येते. मुरलेल्या साधकांच्या ईईजीतही, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखातही, लहरी एका लयीत आलेल्या दिसतात. मग ध्यानानेच फिट येईल का? गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातल्या, म्हणजे आमच्याच गावच्या, डॉ. हरिंदर जसेजा यांनी २००५ मध्ये हा प्रश्न शोधनिबंधात मांडला. ते अनुमान होतं, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. त्याआधी १९९६च्या एका भारतीय अभ्यासात सहजयोग ही ध्यानपद्धत करणाऱ्यांचे झटके कमी झालेले आढळले होते. पण रुग्ण मोजकेच. एवढ्यावर ध्यानाला औषध म्हणू नये, आणि विषही म्हणू नये.

श्वासाचं मात्र पक्कं ठाऊक आहे. ईईजी काढताना तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, ते मुद्दाम. काहींना, विशेषतः बोलता बोलता क्षणभर हरवणाऱ्या मुलांना, तेवढ्यानेही झटका येतो. म्हणून फिट येणाऱ्याने भस्त्रिका, कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आत्या एकदा शिबिराला गेली. तिथे सांगितलं, "ताई, आता गोळ्या बंद करा, ध्यानच औषध." पहाटे तीनला उठायचं, गोळी नाही. चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात पडली. भुवईवरचा तो व्रण अजून दिसतो. घरात सगळा दोष ध्यानावर गेला. मला ते आजही पटत नाही. अर्धवट झोप आणि अचानक थांबवलेलं औषध, झटक्याला एवढं पुरेसं असतं. आणि नीट उपचार मिळाले तर दहातल्या सात जणांचे झटके थांबू शकतात, हे तिला त्या शिबिरात कुणी सांगितलंच नाही.

ध्यान तिने सोडलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं आणि त्यांच्याशी बोलून ठरवलं: वीस मिनिटं, श्वास सहज, रात्रीची झोप पुरी.

'गु' लिहिलेलं झाकण उघडतं. ती गोळी घेते, भांडं पालथं घालते आणि डोळे मिटते.