तीन बाइट आणि मारिओचा जीव

मित्रहो, ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना तो कॅसेट खोचायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. आपल्याकडे मिळणारे ते बहुतेक डबे म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. फॅमिकॉम जपानमध्ये आला १९८३ साली, त्यावरचा सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ साली. असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना द्यायची भाषा, शिकायला मला या खेळासारखी दुसरी जागा सापडलेली नाही.

आकार बघा. प्रोसेसर ६५०२ घराण्यातला, वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ. रॅम फक्त २ किलोबाइट. सगळा खेळ ४० किलोबाइटचा: ३२ मध्ये कोड आणि लेव्हल्स, ८ मध्ये चित्रं. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा. म्हणजे मन लावून बसलं तर हा कोड एका माणसाला अथपासून इतिपर्यंत वाचता येतो. आजच्या कुठल्या सॉफ्टवेअरबद्दल असं म्हणता येईल?

आता कामाला लागू. स्वतःच्या कॅसेटची प्रत घ्या आणि एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. त्यात डीबगर हवा, म्हणजे खेळ मध्येच थांबवून आतलं बघायची सोय. मेमरीत ०७५ए हा पत्ता बघा. पत्ते आणि बाइट मी हेक्समध्ये लिहितोय, म्हणजे सोळाच्या पटीत, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. पडद्यावर तीन जीव दिसतात, पण इथे २ आहे, कारण चालू जीव सोडून उरलेले मोजलेत. या पत्त्यावर कोणी लिहिलं की थांब, असा ब्रेकपॉइंट लावा आणि मारिओला खड्ड्यात टाका. डीबगर ९१डी९ पाशी थांबेल. तिथे तीन बाइट दिसतील: सीई, ५ए, ०७. सीई म्हणजे 'एकने कमी कर', आणि पुढे पत्ता, उलटा लिहिलेला. त्याच्या लगेच खाली बीपीएल नावाची सूचना: उत्तर ऋण नसेल तर खेळ पुढे चालू, ऋण असेल तर गेम ओव्हर.

जीव कधीच संपू नयेत म्हणून काय कराल? मी केलं तेच कराल. ईए हा बाइट म्हणजे 'काही करू नकोस'. मी तिन्ही जागी ईए भरले आणि खेळ सुरू केला. पहिल्याच गूम्बाला, म्हणजे खेळातल्या शत्रूला, धडकलो आणि थेट गेम ओव्हर! दोन जीव शिल्लक असताना. ती संध्याकाळ मी विसरणार नाही, कारण फ्लॅग म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

बीपीएल जीव मोजत नाही. ती फक्त निगेटिव्ह फ्लॅग बघते, म्हणजे 'उत्तर ऋण आलं' असं सांगणारी प्रोसेसरमधली एका बिटची खूण, आणि तो फ्लॅग आधीच्या सूचनेने ठरवलेला असतो. वजाबाकी मी उडवली, मग फ्लॅग कोणाचा उरला? जरा वर बघा: मारिओ मेला की संगीत बंद करण्यासाठी ८० हा आकडा (हेक्समधला, म्हणजे आपला १२८) ॲक्युम्युलेटरमध्ये, प्रोसेसरच्या हातातल्या जागेत, घेतलाय. ८० चा सर्वांत वरचा बिट १, म्हणजे प्रोसेसरच्या लेखी ऋण. पुढची साठवण्याची सूचना फ्लॅगला हात लावत नाही. म्हणजे संगीत थांबवणाऱ्या आकड्याने माझा मारिओ मारला होता.

उपाय एका बाइटचा. सीईच्या जागी एडी लिहा. एडी म्हणजे 'त्या पत्त्यावरचा आकडा उचल'. कमी काहीच होत नाही, पण उचलताना फ्लॅग नीट बसतो. गेम जीनी नावाचं जोडयंत्र निघालं होतं, त्यातला एस-एक्स-आय-ओ-पी-ओ हा कोड नेमका एवढाच बदल करायचा.

आणि ३-१ या लेव्हलच्या पायऱ्यांवर कासवावर उड्या मारून खूप जीव जमवणाऱ्यांचा पुढच्या मरणाला अचानक गेम ओव्हर का व्हायचा? तीच बीपीएल. साठा १२८ च्या पुढे गेला की एक कमी करूनही वरचा बिट १ च राहतो.

आता लॅपटॉप उघडा. आधी तीन ईए टाकून मारिओला मरू द्या, एडी त्यानंतर.