श्रावण पाळणारा माणूस

(नौपाड्यात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘आपण खरंच दारुडे होतो का?’ दारू सुटून काही वर्षं झाली की हा प्रश्न पडतोच. मला नऊ झाली. मागच्या महिन्यात एका लग्नात मेहुणा म्हणाला, “भावोजी, तुमचं तेवढं काही नव्हतं हो. उगाच डोक्यात घेतलंत.” त्या रात्री मला झोप नाही.

त्याच्याकडचा पुरावा म्हणजे माझा श्रावण. पंधरा वर्षं कडक पाळला. गटारीला येऊरच्या डोंगरात बसायचं, मग महिनाभर थेंब नाही. हसू नका, या सभागृहातल्या निम्म्यांची गटारी येऊरलाच झालीय. ऑफिसात मी ऐटीत सांगायचो, “महिना सोडू शकतो, मी कसला बेवडा?”

आता आतली गोष्ट. एका वर्षी क्वार्टर गटारीलाच आणून माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे ठेवली होती. रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभा राहायचो. बायकोला वाटायचं, एकादशी बघतोय. मी पिठोरी अमावस्या मोजत होतो. त्या रात्री बाराच्या ठोक्याला स्टुलावर चढलो, बाटली काढली, झाकण फिरवलं. मागून आवाज आला, “अहो, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. अजून श्रावणच आहे.”

मी म्हणालो, “तारीख बदललीय!”

गणपतीला तीन दिवस होते. महिन्याचा अनुशेष तेवढ्यात भरून काढला. विदर्भाचा अजून निघालेला नाही, माझा निघाला. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वा हातात थरथरायला लागल्या. गुरुजींनी मनगट धरलं, मंत्र थांबवला नाही. त्या माणसाचे उपकार आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच, की महिनाभर प्यायलो नाही हे खरं, पण महिनाभर दुसरा विचारही केला नाही. माझा एक मित्र बिअरचा अर्धा ग्लास तसाच टाकून “चल, भूक लागली” म्हणत उठतो. मला अजून त्या अर्ध्या ग्लासाची काळजी वाटते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय राहिलाच की! भरभर सांगतो.

1984 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चार प्रश्न छापून आले. कमी करावी असं वाटलं का, कुणी टोकलं की चिडलात का, अपराधी वाटलं का, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली का. दोन ‘हो’ आले तर तपासणी करून घ्यायची. 2013 पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ 11 लक्षणं बघतात. वर्षभरात दोन दिसली तर सौम्य, सहा किंवा जास्त तर तीव्र. म्हणजे दारुडा आहे की नाही असा एकच दरवाजा नाही, जिना आहे. आणि सगळी लक्षणं जाऊन वर्ष उलटलं, तरी ओढ मात्र राहू शकते, हेही त्यांनी धरलंय. म्हणून उत्तरं आजच्या शांत डोक्याने आजची द्यायची नाहीत, पीत होतो त्या दिवसांची द्यायची. मेहुण्याला मी हे चार प्रश्न व्हॉट्सअॅपवर पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

अरे, एक राहिलं. रोज भरपूर पिणाऱ्यांनो, हे ऐकून घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. थांबतो, थांबतो. चहा खालीच आहे ना?