माकुल परतलं, नोकरी गेली

[दृश्य : हाँगकाँग, संध्याकाळ. रस्त्यावरची खानावळ.]

अशा खानावळीला इथे डाय-पाय-डाँग म्हणतात. आच इतकी मोठी, की आचाऱ्याला कढईवरून नजर हटवता येत नाही. आता कढईत काय पडतंय ते बघा. माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, पांढराशुभ्र तुकडा. त्यावर सुरीने तिरक्या चिरा दिल्यात. तेलात पडला, कडा वळल्या, आणि बघता बघता त्याची गुंडाळी झाली.

'छाउ याउ यू'. माकुल परतणं. कँटोनीज बोलणारा माणूस हे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा कुणाची तरी नोकरी गेलेली असते.

ही गुंडाळी म्हणजे कामगाराची वळकटी, असं सांगतात. पूर्वी दूरच्या गावांहून आलेले कामगार दुकानातच राबायचे आणि तिथेच झोपायचे. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याने आणायचं. मालक नको म्हणाला, की वळकटी बांधायची आणि चालू लागायचं. रोजगार आणि रात्रीचा आसरा, दोन्ही एकाच दिवशी सुटायचं. गाशा गुंडाळणं म्हणतात ते अगदी शब्दशः! 'काढून टाकलं' हे तोंडावर बोलणं जड जायचं, म्हणून माकुलाचं नाव पुढे आलं.

याहून जिव्हारी लागणारा शब्द म्हणजे 'मोउ छिंग काय', निर्दय कोंबडी. चांद्र नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी मालक कामगारांना जेवायला घालायचा. ज्याच्या वाडग्यात तो स्वतःच्या हाताने कोंबडीचा तुकडा वाढेल, त्याने काय ते समजायचं. सणाचं जेवण, आणि घशाखाली घास उतरत नाही.

आज रोजच्या बोलण्यात नुसतं 'छाउ', म्हणजे परतणं, एवढंच पुरतं. 'लोउ साय' म्हणजे मालक, साहेब. साहेबाने मला परतलं, म्हणजे मला काढलं. पण मला सगळ्यात आवडतो तो उलटा प्रयोग. स्वतःहून राजीनामा देणारा ताठ मानेने म्हणतो, "मीच साहेबाला परतलं!" वळकटी बांधणाऱ्यांच्या वाट्याला आलेला शब्द नोकरदारांनी मालकावरच उलटवला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वापरताना एक सांभाळायचं. हे गप्पांतलं बोलणं आहे, कार्यालयाच्या पत्रात ते येत नाही. आणि शेअर किंवा फ्लॅटचा विषय निघाला असेल, तर हेच 'छाउ' सट्ट्याबद्दल असतं. तिथे कुणाचीही नोकरी गेलेली नसते.